पुसलेली जहाजं

जून १८०९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात राहणाऱ्या हेलेन फॉन क्यूगेलगेन यांनी एका मैत्रिणीला पत्र लिहिलं. नवरा चित्रकार, त्यामुळे गावातल्या इतर चित्रकारांकडे जाणं-येणं होतंच. अशाच एका ओळखीच्या चित्रकाराकडे पाहिलेलं एक मोठं तैलचित्र त्यांना अजिबात रुचलं नव्हतं. तक्रार थोडक्यात अशी: नुसतं अफाट आकाश. खाली अस्वस्थ समुद्र. पुढ्यात उजळ वाळूचा पट्टा आणि त्यावर गडद कपड्यांतला कुणी बैरागी फिरतोय. वादळ नाही, सूर्य नाही, चंद्र नाही. निदान विजा कडाडल्या असत्या तरी जिवाला बरं वाटलं असतं, कुठेतरी हालचाल दिसली असती. पाण्यावर होडी नाही, जहाज नाही, एखादा राक्षसी जलचरसुद्धा नाही. वाळूत गवताची काडी उगवलेली नाही. चार समुद्रपक्षी तेवढे उडताहेत आणि त्यांच्यामुळे तो एकांत आणखीच भयाण झालाय.

बाईंना चित्र आवडलं नाही, पण ते पुरतं भिडलं मात्र होतं. नाही तर काय-काय नाही याची एवढी लांबलचक यादी कोण करतं? आणि त्यांच्या यादीतली एक गोष्ट तर फारच नेमकी होती. समुद्रावर जहाज नाही, असं त्यांनी लिहिलं. पण जहाजं तिथे होती. चित्रकाराने ती आधी काढली होती आणि मग पुसून टाकली होती. त्याकडे येऊच.

चित्रकाराचं नाव कास्पर डाव्हिड फ्रीडरिख. चित्राचं नाव मराठीत ‘समुद्राकाठचा संन्यासी’ असं करता येईल. ख्रिस्ती मठात राहणारा, लांब गडद झगा घातलेला तो संन्यासी. १८०८ ते १८१० अशी दोनेक वर्षं फ्रीडरिख या चित्रावर पुन्हा-पुन्हा हात फिरवत होता. आज ते बर्लिनच्या आल्टे नात्सिओनालगालेरी या संग्रहालयात आहे. साधारण साडेतीन फूट उंच आणि साडेपाच फूट रुंद. मोबाइलवर पाहाल तर एक राखाडी आयत दिसेल आणि त्यात एक काळा ठिपका. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ‘यात काय आहे?’ अशीच असते. ती प्रतिक्रिया चुकीची नाही. उलट तिथूनच सुरुवात करायला हवी.

शाळेत ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की आपले हात आपोआप चालायचे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, तिथून वळणं घेत येणारी नदी, काठावर कौलारू घर, बाजूला नारळाचं झाड आणि आकाशात बरोबरच्या खुणेसारखे पक्षी. हसू येतं खरं; पण गंमत अशी, की युरोपातल्या मोठमोठ्या चित्रकारांचीही एक ठरलेली पाककृती होतीच. सतराव्या शतकातल्या क्लोद लोरँ या फ्रेंच चित्रकाराने ती इतकी पक्की बसवली, की पुढची दीडशे वर्षं लोक तीच गिरवत राहिले. एका बाजूला पडद्यासारखं मोठं गडद झाड. पुढ्यात चार माणसं, दोन गुरं. मग नदी किंवा वाट, जी आपल्या नजरेला हात धरून आत नेते. मध्यावर पूल किंवा एखादं देऊळ. आणि सगळ्यात मागे धूसर, सोनेरी क्षितिज. अशा चित्रात आपण पाहुण्यासारखे आत शिरतो. दारात कुणी तरी ‘या, या’ म्हणायला उभं असतं, बसायला जागा असते, आणि मुक्काम कुठे हेही ठरलेलं असतं.

फ्रीडरिखने यातलं एकेक काढून टाकलं.

चित्रात आता फक्त तीन आडवे पट्टे आहेत. तळाशी वाळूची फिकट टेकाडं. त्यावर समुद्राची अरुंद, जवळजवळ काळी पट्टी, तीवर लाटांच्या फेसाचे पांढरे ठिपके. आणि वर आकाश, जे चित्राच्या उंचीचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग व्यापतं. क्षितिजापाशी ढगांचा जड, काळपट-निळा थर आहे आणि वर जावं तसं ते मोकळं, निळसर होत जातं. कडेला झाड नाही, कडा नाही. त्यामुळे तिन्ही पट्टे चौकटीपाशी संपल्यासारखे वाटत नाहीत. डावीकडे आणि उजवीकडे ते तसेच पुढे चालू असणार, आपल्याला दिसतोय तो मधला एक तुकडा, अशी जाणीव होते. आत जायला वाटही नाही. वाळू आहे, पण ती आपल्याला कुठे नेत नाही. पुढे जाऊन पाण्यापाशी तुटते.

या सगळ्या आडव्या पसाऱ्यात उभी रेघ एकच, तो संन्यासी. तोही मध्यभागी नाही, थोडा डावीकडे. डोकं उघडं, हात हनुवटीकडे गेलेला, आपल्याकडे पाठ. इतका लहान, की पहिल्या नजरेत निसटावा.

फ्रीडरिखच्या चित्रांत ही पाठमोरी माणसं सारखी भेटतात. मराठीत ‘पाठमोरा’ हा फार चांगला शब्द आहे. त्यात दिशाही आहे आणि थोडी हुरहुरही, कारण आपण पाठमोरं पाहतो ते बहुधा निघालेल्या माणसाला. चेहरा दिसला असता तर आपलं काम सोपं झालं असतं. तो रडतोय, हसतोय की प्रार्थना करतोय ते पाहून घेतलं असतं आणि मोकळे झालो असतो. चेहरा लपवल्यामुळे त्याच्या मनात काय चाललंय हे आपल्याला आपल्याच मनातून भरावं लागतं. शिवाय तो जिकडे पाहतोय तिकडेच आपणही पाहतो. म्हणजे आपण त्याच्याकडे बघत नाही, त्याच्या मागच्या रांगेत उभे राहतो. चित्र पाहणारा माणूस चित्रातच पाहणाऱ्या माणसाच्या मागे उभा! साधी युक्ती आहे, पण तिच्यापुढे अश्रूंनी भरलेले शंभर चेहरे फिके पडावेत.

इथे ‘रोमँटिक’ या शब्दाचा घोळ निस्तरून घेऊ. ही चित्रं रोमँटिक म्हणवली जातात ती गुलाबी अर्थाने नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात, विशेषतः जर्मन आणि इंग्रज कवी-चित्रकारांत, एक वारं आलं. नियम, प्रमाणबद्धता, बुद्धीने सगळं मोजता येतं हा भरवसा, हे सगळं थोडं बाजूला सारून माणसाच्या आतल्या अनुभवाला अग्रस्थान देणारं. मराठी समीक्षेत त्याला स्वच्छंदतावाद म्हणतात. नाव ऐकून वाटावं, मंडळी मोकाट सुटली होती. प्रत्यक्षात फ्रीडरिखसारखा माणूस कमालीचा शिस्तीचा होता. त्याचं म्हणणं असं, की चित्रकाराने समोर दिसतं तेवढंच काढू नये, आत दिसतं तेही काढावं. आणि आत काहीच दिसत नसेल तर समोरचंही काढायचं सोडून द्यावं. कला शिकणाऱ्या कुणालाही हे वाक्य फळ्यावर लिहून द्यावं असं आहे, आणि तितकंच घाबरवणारंही.

दुसरा शब्द ‘उदात्त’. आपण तो उदात्त विचार, उदात्त हेतू असा वापरतो. त्यात चांगुलपणा असतो, आदर असतो. सौंदर्यशास्त्रात मात्र या शब्दाला भीतीची एक कडा आहे आणि तीच आपल्या रोजच्या वापरात गळून पडली आहे. एडमंड बर्क या विचारवंताने १७५७ मध्ये मांडलं, की सुंदर आणि उदात्त या वेगळ्या गोष्टी आहेत. सुंदर म्हणजे लहान, गुळगुळीत, आपल्याला लळा लावणारं. उदात्त म्हणजे अफाट, अंधारलेलं, आपल्याला गिळून टाकेल असं; मात्र आपण सुरक्षित अंतरावर असल्यामुळे त्या भीतीतच एक विचित्र आनंद. पावसाळ्यात उधाणलेला समुद्र बघायला लोक कठड्यापाशी गर्दी करतात ती यासाठीच. बर्कने अशा भव्य भीतीची जी कारणं दिली त्यांत एक लक्षवेधी गट आहे: पोकळी, अंधार, एकांत, शांतता. चारही गोष्टी म्हणजे कशाचा तरी अभाव. काहीतरी नसण्यानेही माणूस हादरतो, हे त्याने अर्धशतक आधी लिहून ठेवलं होतं. तरी त्याच्यानंतरचे चित्रकार उदात्त रंगवायचं म्हटलं की हिमकडे, धबधबे, ज्वालामुखी आणि फुटणारी जहाजं यांचाच ढीग घालत राहिले. ‘नसणं’ रंगवायचं धाडस फ्रीडरिखने केलं.

१७९० मध्ये इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने त्यात आणखी एक पाऊल टाकलं. अफाट गोष्टीपुढे आपली कल्पनाशक्ती हार मानते, पण ‘हे अफाट आहे’ एवढं ओळखणारी बुद्धी तर आपलीच असते, म्हणून शेवटी माणूस स्वतःच्या मोठेपणाशी पोहोचतो, असं काहीसं ते आहे. फ्रीडरिखच्या चित्रांवर लिहिताना कांटचं हे बोट नेहमी धरलं जातं. मला ते इथे पटत नाही. त्याच्या दुसऱ्या, जास्त प्रसिद्ध चित्राला ते लागू पडतं. १८१८ च्या सुमाराचं ते चित्र हॅम्बुर्गला आहे. खडकावर उभा पाठमोरा पुरुष, हातात काठी आणि पायाखाली धुक्याचा समुद्र. कोकणकड्यावर धुक्याकडे तोंड करून पाठमोरा फोटो काढून घेणारा प्रत्येक ट्रेकर नकळत त्याचीच नक्कल करत असतो. त्या चित्रात माणूस मध्यभागी आहे, मोठा आहे, सगळ्या रेषा त्याच्यापाशी येऊन मिळतात. तिथे माणूस जिंकलाय असं म्हणता येईल. समुद्राकाठच्या संन्याशाने काय जिंकलंय? त्याच्यापाशी कुठलीच रेषा येत नाही. तो तिथून निघून गेला तर समुद्राला कळणारसुद्धा नाही.

आता जहाजांकडे.

२०१३ नंतर बर्लिनच्या संग्रहालयाने हे चित्र आणि त्याचं जोडचित्र स्वच्छ करून दुरुस्त करायला घेतलं. त्या कामात अवरक्त किरणांनी छायाचित्रं घेतली गेली. हे किरण वरच्या रंगाच्या पातळ थरांतून आत जातात आणि खालच्या कच्च्या रेखाटनापाशी अडतात, त्यामुळे चित्रकाराने आधी काय योजलं होतं ते दिसतं. दिसली ती शिडाची जहाजं. संन्याशाच्या दोन्ही बाजूंना. तिथे काहीतरी पुसलेलं आहे हे अभ्यासकांना आधीपासून ठाऊक होतं; आता ते स्पष्ट दिसलं.

ती जहाजं मनातल्या मनात परत चित्रात ठेवून पाहा. लगेच एक गोष्ट तयार होते. किनाऱ्यावर माणूस, पाण्यावर जहाजं. कुणीतरी येतंय, नाही तर कुणीतरी जातंय. तो वाट बघतोय किंवा निरोप देतोय. समुद्र किती लांबवर आहे हे जहाजाच्या आकारावरून मोजता येतं. डोलकाठ्या पाण्यातून वर आकाशात घुसतात, म्हणजे समुद्र आणि आकाश एकमेकांना टाचले जातात. संन्याशाला उभ्या रेघांची सोबत मिळते. सगळं कसं समजण्यासारखं होतं.

आणि आता पुसून टाका. गोष्ट गेली. माप गेलं. सोबत गेली. जे उरलं त्याला ‘एकटेपणा’ हे नाव आपण देतो, पण फ्रीडरिखने एकटेपणा रंगवलेला नाही. त्याने सोबत पुसली आहे. दोन्हींत फरक आहे. मुळातच रिकामी खोली आणि सामान हलवल्यानंतरची खोली यांत जेवढा फरक असतो तेवढा.

जहाजांवर तो थांबला नाही. १८१० च्या सप्टेंबरात, चित्र बर्लिनला रवाना होण्याच्या थोडं आधी, त्याच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने चित्रात चंद्रकोर आणि शुक्राची चांदणी असल्याचं नोंदवलं आहे. आज त्यांपैकी काहीच दिसत नाही. म्हणजे मधे एकदा त्याने दिवसाची रात्र केली, आकाशात थोडा आधार ठेवला, आणि शेवटी तोही काढून घेतला. दोन वर्षं हा माणूस चित्र रंगवत होता म्हणण्यापेक्षा वजाबाकी करत होता असंच म्हणायला हवं.

त्याची खोलीही तशीच होती. केर्स्टिंग नावाच्या त्याच्या मित्राने १८११ मध्ये फ्रीडरिखला काम करताना रंगवलंय. उघड्या भिंती, खालून झाकलेली खिडकी, चित्र टेकवायची एक घोडी, एक खुर्ची, भिंतीला टांगलेल्या मोजक्या वस्तू. आणि दुसरा साक्षीदार मजेदार आहे. पत्रात तक्रार करणाऱ्या हेलेनबाईंचा मुलगा विल्हेल्म तेव्हा लहान होता. म्हातारपणी आठवणी लिहिताना त्याने या खोलीचं वर्णन केलं: रंगांची पेटी, तेलाच्या बाटल्या आणि पुसायची फडकीसुद्धा शेजारच्या खोलीत हद्दपार केलेली, कारण बाहेरच्या वस्तू आतल्या चित्रसृष्टीत लुडबुड करतात असं फ्रीडरिखला वाटे. आईला चित्रात काही सापडलं नाही, मुलाला खोलीत.

१८१० च्या शरद ऋतूत बर्लिनच्या अकादमीच्या प्रदर्शनात हे चित्र लागलं. सोबत त्याच मापाचं जोडचित्र होतं: बर्फातली दफनभूमी, उघडेबोडके ओक वृक्ष, मोडक्या गॉथिक मठाची एकच भिंत आणि तिच्या दारातून शवपेटी नेणारी संन्याशांची लहानशी मिरवणूक. तो पडका मठ फ्रीडरिखच्या गावाजवळच्या एल्डेनाचा. दोन्ही चित्रं एकत्र पाहिली की मरणाबद्दल विचार करणारा संन्यासी आणि मग त्याचंच मरण, असं वाचण्याचा मोह होतो आणि अनेकांनी तसं वाचलंही आहे.

बर्लिनचं ते वर्ष कसं होतं? १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशिया या जर्मन राज्याचा धुव्वा उडवून राजधानीत फौजा घातल्या होत्या. राजा कुठे १८०९ च्या अखेरीस परत आला. जुलै १८१० मध्ये लोकांची लाडकी राणी लुईझ चौतिसाव्या वर्षी वारली. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत ही दोन चित्रं राजधानीत आली आणि पंधरा वर्षांच्या युवराजाने वडिलांना गळ घालून ती विकत घ्यायला लावली. नुकतीच आई गेलेला मुलगा, आणि दफनाचं एक चित्र, रिकाम्या समुद्राचं दुसरं. त्याला त्यांत काय दिसलं हे त्याचं त्यालाच ठाऊक, पण चित्र पहिल्यांदा कुठल्या डोळ्यांनी पाहिलं गेलं हे विसरून त्याचा अर्थ लावू नये.

त्याच प्रदर्शनामुळे या चित्राला त्याचं सर्वांत गाजलेलं भाष्य मिळालं. क्लेमेन्स ब्रेन्टानो आणि आखिम फॉन आर्निम या दोघा लेखकांनी चित्रासमोर येणाऱ्या प्रेक्षकांचे थट्टेखोर संवाद लिहिले आणि हाइनरिख फॉन क्लाइस्ट या नाटककाराच्या वृत्तपत्राकडे पाठवले. क्लाइस्टने काय करावं? संवाद बहुतेक सगळे कापले, आपल्या मनाचं लिहिलं आणि १३ ऑक्टोबरला छापून टाकलं. दोघे लेखक अर्थातच भडकले. संपादकांचा हा रोग जुनाच. पण कापाकापीतून जे उरलं ते अजरामर ठरलं. क्लाइस्ट म्हणतो, समुद्राकाठी उभं राहण्यात एक सुख असतं: मन काहीतरी मागतं आणि निसर्ग ते नाकारतो. या चित्रापुढे मात्र ते मागणं-नाकारणं माझ्यात आणि चित्रातच सुरू झालं. मीच तो संन्यासी झालो आणि चित्र झालं वाळूचं टेकाड. ज्या समुद्राकडे मी ओढीने पाहायचं, तो मात्र कुठेच नव्हता. आणि मग ते भयंकर वाक्य: या चित्राला पुढ्यात चौकटीशिवाय काहीच नाही, त्यामुळे ते पाहताना कुणी आपल्या पापण्या कापून टाकल्यासारखं वाटतं.

पापण्या कापल्यासारखं. म्हणजे डोळे मिटता येत नाहीत. झाड, वाट, घर या गोष्टी चित्रात नजरेच्या पापण्यांचं काम करतात; तिथे नजर टेकते, क्षणभर विसावते. त्या काढून घेतल्या की पाहणं थांबवताच येत नाही. हेलेनबाईंनी वर्षभर आधी हेच म्हटलं होतं, वादळ असतं तरी दिलासा मिळाला असता, असं. फक्त त्यांनी ते पत्रात लिहिलं आणि क्लाइस्टने वर्तमानपत्रात. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८११ मध्ये, क्लाइस्टने बर्लिनजवळच्या वानझे तळ्याकाठी आपलं आयुष्य संपवलं. त्यामुळे त्याचं हे लिखाण आता जरा जास्तच काळोख्या उजेडात वाचलं जातं.

अर्थ लावताना लोक हमखास फ्रीडरिखच्या बालपणाकडे धावतात. सहा-सात वर्षांचा असताना आई गेली. तेरा वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांदेखत भाऊ गोठलेल्या पाण्यात बुडाला, तोही बहुधा कास्परलाच वाचवताना. हे सगळं खरं आणि दुःखद आहे. पण ‘भाऊ पाण्यात गेला म्हणून रिकामा समुद्र’ हे समीकरण मला आळशी वाटतं. त्या काळात घरोघरी मुलं दगावत होती. जहाजं पुसणारा मात्र एकच निघाला. दुःखाने चित्राला कारण मिळालं असेल, रचना नाही.

धर्माची वाट जास्त फलदायी आहे. फ्रीडरिख बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्डचा, घर कट्टर लूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, वडील साबण आणि मेणबत्त्या करणारे. जवळच्या र्‍यूगेन बेटावर कोझेगार्टन नावाचा कवी-धर्मोपदेशक होता. हेरिंग मासळीच्या हंगामात कोळी किनारा सोडून चर्चमध्ये येऊ शकत नसत, म्हणून तो स्वतःच किनाऱ्यावर जाऊन उघड्यावर प्रवचन करी. छप्पर आकाशाचं, वेदी समुद्राची. फ्रीडरिख याच वातावरणात वाढला. शिवाय लूथरच्या धर्मसुधारणेनंतर त्या मुलुखात संन्यासी उरलेच नव्हते. म्हणजे हा झगा घातलेला माणूस तिथे भेटणं शक्यच नव्हतं. तो जुन्या काळातून उचलून आणलाय. मठ मोडला, भिंती पडल्या, आणि श्रद्धावान माणूस उघड्यावर आला. आता देवाशी बोलायला त्याच्याजवळ मूर्ती नाही, मंत्र नाही, मधला कुणी नाही. १८०९ मध्ये फॉन रामडोर नावाच्या टीकाकाराने फ्रीडरिखच्या आधीच्या एका चित्रावर झोड उठवली होती, की निसर्गचित्र आता सरपटत वेदीवर चढायला बघतंय. या चित्रात तर वेदीच नाही. तक्रारीला जागाच ठेवली नाही म्हणायची!

मग चित्र श्रद्धेचं आहे की श्रद्धा हरवल्याचं? इथे खुद्द फ्रीडरिखचं पत्र मदतीला येतं आणि थोडा घोटाळाही करतं. चित्राविषयी त्याने लिहिलं: ओसाड वाळूचा किनारा, मग खवळलेला समुद्र, मग हवा. काळ्या कपड्यांतला माणूस विचारात बुडून चाललाय. समुद्रपक्षी घाबरून ओरडत त्याच्याभोवती घिरट्या घालताहेत, जणू या पाण्यात उतरू नकोस असं सांगताहेत. इथपर्यंत ठीक. पण पुढे तो त्या माणसाला चक्क फटकारतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत विचार केलास तरी पलीकडचं गूढ तुला उकलायचं नाही, पोकळ गर्वाने फुगलेल्या मूर्खा! तुझी पावलं वाळूत खोल उमटली असतील, पण हलकासा वारा येईल आणि तुझा माग दिसेनासा होईल.

म्हणजे ज्याला आपण ध्यानस्थ साधू समजून हात जोडायला निघालो, त्याला चित्रकार अहंकारी म्हणतोय. काही अभ्यासकांना त्या संन्याशाच्या चणीत आणि केसांत फ्रीडरिखच दिसतो. तसं असेल तर ही फटकार स्वतःलाच आहे. मला हे वाचन आवडतं, कारण त्यात चित्र सांत्वन करत नाही आणि निराशाही विकत नाही. प्रश्न विचारणाऱ्या माणसाला ते एवढंच दाखवतं, की समोर किती मोठं आहे आणि तू कुठे उभा आहेस.

एक इशारा मात्र द्यायला हवा. चित्र किती ‘उदास’ आहे यावर गेल्या शतकात पानंच्या पानं लिहिली गेली. त्यातला काही भाग पिवळ्या पडलेल्या वार्निशबद्दल होता असं आता म्हणावं लागतं. दुरुस्तीत तो थर आणि मागाहून मारलेले रंगाचे हात निघाल्यावर आकाश बरंच उजळलं, निळं झालं. वरचा भाग आता मोकळा श्वास घेतल्यासारखा दिसतो. म्हणून जुन्या पुस्तकातला छापील फोटो समोर ठेवून कुणी मरणकळेचं वर्णन करू लागलं, तर चित्र स्वच्छ होण्याआधीचं आहे की नंतरचं, एवढं विचारून घ्यावं.

१८४० मध्ये फ्रीडरिख वारला तेव्हा तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. १९०६ मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या प्रदर्शनाने त्याला परत आणलं. मग नाझींनी त्याला अस्सल जर्मन आत्मा वगैरे ठरवून वापरून घेतलं, आणि त्या डागातून बाहेर यायला पुन्हा काही दशकं गेली. १९६१ मध्ये रॉबर्ट रोझेनब्लम या अमेरिकन कला-इतिहासकाराने हे चित्र मार्क रॉथको या अमूर्त चित्रकाराच्या रंगपट्ट्यांशेजारी ठेवून दाखवलं. रॉथकोच्या कॅनव्हासवर फक्त दोन-तीन आडवे, धूसर रंगपट्टे असतात आणि त्यांच्यासमोर लोक रडतात. फरक एवढाच, की रॉथकोने संन्यासीही काढून टाकला. आता त्या जागी आपण उभे असतो.

चित्र पाहायचं असेल तर संगणकाच्या मोठ्या पडद्यावर उघडा आणि पहिली दोन मिनिटं संन्याशाला बोटाने झाका. नुसते पट्टे पाहा. मग बोट काढा. तो एवढासा काळा ठिपका आला की आकाश एकदम प्रचंड होतं. आधी ते फक्त मोठं होतं. हा प्रयोग फार शिकवतो.

मला मात्र आता तो जमत नाही. अवरक्त छायाचित्रं पाहिल्यापासून माझी नजर संन्याशाकडे जायच्या आधी त्याच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पाण्याकडे जाते आणि शिडं शोधू लागते. फ्रीडरिखने इतक्या कष्टाने जे नाहीसं केलं, ते मला दिसल्याशिवाय राहत नाही. आणि हे सांगून मी तुमचंही तेच केलं.